जगात १२९वा आला, पुढे काय?

‘मुलगी टेनिस छान खेळते, दहावीनंतर अभ्यास बाजूला ठेवू का?’ असं विचारणाऱ्या पालकांना मी कॉनर निलंडबद्दल सांगतो. त्यांनी हे नाव ऐकलेलं नसतं, आणि म्हणूनच सांगतो.

निलंड आयर्लंडमधल्या लिमरिकचा. लहानपणी त्याने रॉजर फेडररला एकदा हरवलं होतं. पुढे तो अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला, तिथल्या संघातून खेळला आणि नंतरच व्यावसायिक टेनिसमध्ये उतरला. जागतिक क्रमवारीत त्याने गाठलेला सर्वोच्च क्रमांक १२९.

जगातला एकशे एकोणतिसावा हृदयरोगतज्ज्ञ असता तर त्याच्या दाराशी रांग लागली असती! टेनिसचा हिशेब निर्दयी आहे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत १२८ जण खेळतात, पण क्रमवारीवर थेट प्रवेश साधारण पहिल्या १०४ जणांनाच. बाकीच्यांनी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकायचे किंवा वाइल्ड कार्डची आशा धरायची. एरवी चॅलेंजरसारख्या खालच्या स्तरावरच्या स्पर्धांसाठी देशोदेशी वणवण. विमान, प्रशिक्षक, रॅकेटचं गटिंग, बहुतेक सगळं स्वतःच्या खिशातून.

२०११ मध्ये निलंड विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन, दोन्हीकडे पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत पोचला. विम्बल्डनला मनारिनो या खेळाडूविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ४-१ असा पुढे होता. जिंकला असता तर पुढचा सामना फेडररशी होता. हरला. न्यूयॉर्कला समोर जोकोविच आणि याला अन्नातून विषबाधा. ०-६, १-५ अशा स्थितीत सामना सोडावा लागला. पुढच्याच वर्षी दुखापतीमुळे निवृत्ती. वय तीस.

नंतर तो आयर्लंडच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार झाला. ‘द रॅकेट’ या त्याच्या आत्मकथनाला २०२४ चा विल्यम हिल क्रीडा-पुस्तक पुरस्कार मिळाला. विद्यापीठातली वर्षं वाया गेली नाहीत, असं मी तरी म्हणेन.

कॉलेजमुळे खेळ मागे पडतो, ही भीतीही फारशी खरी नाही. आपल्या सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ चं अमेरिकेचं आंतरविद्यापीठ एकेरी विजेतेपद मिळवलं आणि पुढे जगात ६२व्या क्रमांकापर्यंत मजल मारली.

मात्र अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळायचं तर नववीपासूनचे गुण तपासले जातात. तेव्हा अकादमीची फी जरूर भरा, पण गणित-विज्ञानाचं पुस्तक एवढ्यात रद्दीत घालू नका.