अकरावा बावटा : किनाऱ्यावरील सूचना-यंत्रणा आणि गावाची जबाबदारी

सिंधुदुर्ग जिल्ह्याला देवगड, मालवण व वेंगुर्ले या तीन तालुक्यांतून सुमारे १२१ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे. या किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबांचा दिनक्रम पिढ्यान् पिढ्या वारा, भरती-ओहोटी आणि बंदरावर चढणारा बावटा यांवरून ठरत आला. आता त्यांत हातातील मोबाइल फोनची भर पडली आहे. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, वादळाचा संभाव्य मार्ग ही सर्व माहिती तांडेलाला घरच्या पडवीत बसून मिळू लागली आहे.

या बदलाविषयी किनाऱ्यावर दोन मते ऐकू येतात. फोन हाती आल्यापासून तरुणांनी आभाळाकडे पाहणे सोडले, असे जुनी माणसे म्हणतात. डोळ्यांना दिसते त्यापलीकडचे उपग्रह सांगतो, असे तरुणांचे म्हणणे असते. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि गावाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. दिलेली सूचना शेवटच्या माणसापर्यंत वेळेवर पोहोचते काय, आणि पोहोचल्यावर तिचा अर्थ त्याला उमगून तो त्याप्रमाणे वागतो काय, हा तो प्रश्न होय.

बावट्याची भाषा

भारतात बंदरांना वादळाची सूचना देण्याची व्यवस्था प्रथम कोलकाता बंदरासाठी १८६५ साली करण्यात आली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ साली, भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. बंदरांवर लावावयाच्या संकेतांची क्रमवारी पुढे निश्चित करण्यात आली. बोलीत त्यांना ‘बावटा’ म्हणत असले, तरी या पद्धतीत दिवसा शंकू व नळकांडे यांच्या आकृती आणि रात्री लाल व पांढरे दिवे वापरण्याचा नियम आहे.

सर्वसाधारण पद्धतीत असे ११ संकेत आहेत. पहिले दोन दूरच्या समुद्रातील कमी दाबाच्या क्षेत्राविषयी व वादळाविषयी असतात. तिसरा संकेत बंदरावर सोसाट्याचा वारा येण्याचा संभव दर्शवितो. वर्तमानपत्रांतून ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणून ज्याचा उल्लेख येतो तो हाच. चौथा संकेत बंदराला वादळाचा धोका संभवतो असे सांगतो. पाच ते सात हे धोक्याचे, तर आठ ते दहा हे महाधोक्याचे संकेत होत.

अकरावा संकेत मात्र वादळाच्या तीव्रतेविषयी काहीच सांगत नाही. वादळ-सूचना कार्यालयाशी असलेला संपर्क तुटला आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांनी ही पद्धत घालून दिली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ऐन संकटाच्या वेळी तार तुटते. म्हणून तार तुटणे हीच एक सूचना समजावी, अशी तरतूद त्यांनी करून ठेवली. तारेच्या जागी आज उपग्रह आणि मोबाइल मनोरे आले, तरी या तरतुदीचे महत्त्व कमी झालेले नाही. अलीकडील तीन वादळांनी ते दाखवून दिले आहे.

तीन वादळांचे धडे

पहिले ओखी. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर हे चक्रीवादळ कन्याकुमारी व केरळच्या किनाऱ्याजवळून अरबी समुद्रात शिरले. त्या वेळी दक्षिणेकडील अनेक नौका खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यावरील मोबाइल सेवा समुद्रात साधारणतः १० ते १२ किलोमीटरपर्यंतच चालते. त्यापलीकडे गेलेल्या नौकांना सूचना पोहोचविण्याचे साधनच हाताशी नव्हते. वाऱ्याने भरकटलेल्या ६८ नौका व त्यांवरील ९५२ मच्छीमार डिसेंबरच्या आरंभी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यास सुखरूप लागले. मात्र केरळ व तमिळनाडूतील अनेक मच्छीमार परतले नाहीत. राज्याची सागरी हद्द १२ सागरी मैलांची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची असते, हे लक्षात घेतले तर मोबाइल सेवा त्या हद्दीच्या निम्म्यापर्यंतच पोहोचते, असे दिसून येईल.

दुसरे क्यार. २०१९ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुमारास, हे वादळ कोकण किनाऱ्यापासून दूर समुद्रात होते आणि पश्चिमेकडे वळून ओमानच्या दिशेने गेले. वादळ दूर जात आहे, ही वार्ता खरी होती. तरीही समुद्राला आलेल्या उधाणाने मालवण तालुक्यातील देवबागसारख्या गावांत पाणी शिरले. देवबाग ही एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली खाडी असलेली चिंचोळी पट्टी आहे. वादळाचा मार्ग आणि लाटांचा मार्ग एकच नसतो, हे अशा गावांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

तिसरे तौक्ते. १६ मे २०२१ रोजी हे वादळ जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. पूर्वसूचना पुरेशी आधी मिळाली होती. परंतु १ जूनपासून सुरू होणाऱ्या मासेमारीबंदीस अद्याप अवधी असल्याने अनेक नौका पाण्यातच होत्या. देवगड बंदरात नांगरलेल्या नौकांची हानी झाली आणि त्यांत खलाशांना प्राण गमवावे लागले. मालवण तालुक्यात विजेचे खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज गेल्यावर मोबाइल मनोरे बंद पडले आणि फोन हे केवळ हातातील ओझे ठरले. अकराव्या बावट्याची स्थिती ती हीच.

नवी साधने आणि त्यांच्या मर्यादा

ओखीच्या अनुभवानंतर खोल समुद्रात सूचना पोहोचविण्याचे प्रयत्न वेगाने सुरू झाले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र १९९९ पासून कार्यरत आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान व पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहाने मोजून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची सूचना हे केंद्र मराठीसह किनारपट्टीवरील भाषांतून देते. उंच लाटांचा इशाराही तेथूनच दिला जातो. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ हे उपकरण पुढे आले. उपग्रहाकडून आलेला संदेश ते पकडते व जोडलेल्या मोबाइलच्या पडद्यावर दाखविते. त्यासाठी मोबाइल मनोऱ्याची गरज लागत नाही. मात्र हा संदेश एकाच दिशेने येतो. नौकेला उलट उत्तर देता येत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने दुहेरी संदेशवहनाचे उपकरण विकसित केले. त्याद्वारे नौकेवरून संकटाची खबर पाठविता येते आणि किनाऱ्यावरून नौकेचे स्थान समजू शकते. १३ सागरी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर अशी उपकरणे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाला.

ही साधने मोलाची आहेत, यात शंका नाही. परंतु उपकरण नौकेवर बसविणे आणि ते चालू स्थितीत असणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्याची बॅटरी भरलेली असावी, तांडेलाबरोबर आणखी एका खलाशालाही ते वापरता यावे. किनाऱ्यालगत रापण ओढणाऱ्या वा लहान होडी वल्हविणाऱ्या मच्छीमाराजवळ तर अशी साधने क्वचितच असतात. त्याच्यासाठी सूचनेची अखेरची कडी म्हणजे गावच होय.

सूचना कशी वाचावी

फोनवर दिवसाकाठी अनेक संदेश येतात. त्यांत जुन्या वादळाची चित्रफीत आजची म्हणून पुढे धाडली जाते, कोठला तरी इशारा कोठेही फिरतो. अशा वेळी शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना पाच प्रश्न विचारण्याची सवय लावली, तर ती घरोघरी पोहोचेल : सूचना कोणी दिली? कोणत्या तारखेस व किती वाजता दिली? कोणत्या भागासाठी दिली? किती वेळपर्यंत ती लागू आहे? आणि काय करावयास सांगितले आहे? हवामान विभागाच्या चक्रीवादळविषयक पत्रकांवर क्रमांक व वेळ दिलेली असते. ज्या संदेशात यांपैकी काहीच नाही, तो पुढे पाठवू नये.

रंगांचा अर्थही समजावून द्यावा. हिरवा म्हणजे विशेष काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे सज्ज राहा. लाल म्हणजे कृती करा. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाला की त्या प्रणालीस चक्रीवादळ म्हणतात व तिला नाव दिले जाते. परंतु लहान होडीला धोका होण्यासाठी वाऱ्याने ६२ चा आकडा गाठण्याची आवश्यकता नसते. नाव नसलेले वादळही होडी उलटवू शकते.

यासंबंधी मच्छीमारांची एक रास्त अडचण ध्यानात घ्यावयास हवी. इशारा मिळाला, नौका परतली, डिझेल व मजुरी वाया गेली आणि वादळ मात्र आलेच नाही, असे दोन-तीनदा घडले की ‘लांडगा आला’ या गोष्टीची आठवण होते. अंदाज म्हणजे संभवाचे गणित असते, भविष्यकथन नव्हे, हे त्यांना पटवून देणे हे गावातील जाणत्यांचे काम आहे. वाया गेलेली एक खेप पुढच्या आठवड्यात भरून निघते. नौका आणि माणूस गेल्यावर घर उभे राहावयास एक पिढी लागते.

ग्रामपंचायतीने करावयाची कामे

चक्रीवादळाची सूचना साधारणतः चार टप्प्यांनी दिली जाते : सुमारे ७२ तास आधी पूर्वदक्षता, ४८ तास आधी सावधानता, २४ तास आधी इशारा आणि १२ तास आधी वादळ किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज. ग्रामपंचायतीने आपली कामे याच टप्प्यांशी जोडून घ्यावीत.

पहिल्या टप्प्यात समुद्रात गेलेल्या नौकांची व खलाशांची यादी मच्छीमार संस्थेकडून घ्यावी. दुसऱ्या टप्प्यात नौका ओढून घेण्यास किंवा खाडीत सुरक्षित नांगरण्यास माणसे जमवावीत आणि बिनतारी संचावरून नौकांना परत बोलवावे. तिसऱ्या टप्प्यात सखल भागातील वृद्ध, गरोदर स्त्रिया व आजारी माणसे शाळेत वा अन्य पक्क्या इमारतीत हलवावीत. नांगरलेल्या नौकेवर राखणीसाठी कोणीही राहू नये, हे निक्षून सांगावे. चौथ्या टप्प्यापर्यंत पिण्याचे पाणी, कंदील, बॅटरीवर चालणारा रेडिओ व औषधे यांची तजवीज पूर्ण असावी. समुद्रातील संकटाच्या वेळी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येक तांडेलाला पाठ असला पाहिजे.

याशिवाय प्रत्येक वाडीने स्वतःचा एक ‘अकरावा बावटा’ ठरवून ठेवावा. फोन बंद पडले, वीज गेली, तर निरोप कोणी कोणाकडे न्यावयाचा, भोंगा वा देवळातील घंटा किती वेळा वाजली म्हणजे घर सोडावयाचे, कोणत्या घरात फोन नाही आणि त्या घराची जबाबदारी कोणत्या शेजाऱ्यावर, हे ग्रामसभेत ठरावे आणि शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर असतात व माणसे गावात असतात. रंगीत तालमीस याहून सोयीचा काळ नाही. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करण्यापूर्वी ही तालीम एकदा झालेली असावी.

उपग्रहापासून मोबाइलपर्यंतची वाट शास्त्रज्ञांनी व शासनाने बांधून दिली आहे. मोबाइलपासून शेवटच्या झोपडीपर्यंतची वाट शंभर पावलांचीच असते. पण ती गावालाच चालावी लागते.