मशीनचे पाते : धार लावावी की बदलावे?

यवतमाळ, दारव्हा, पुसद. सगळीकडे कटिंगच्या दुकानांत आता विजेचे मशीन आहे. त्याला दोन पाती असतात. एक जागेवर राहते, एक हलते.

मशीन केस ओढते का? मग आधी ते बंद करा. ब्रशने आतले केस झाडा. मशीनच्या तेलाचे दोन थेंब पात्यांवर सोडा. खोबरेल नको, ते चिकटून बसते. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

तरी ओढते? मग पाते नीट बघा. पोलादी पात्याला जाणत्या कारागिराकडून धार लावून घ्या.

पण हलणारे पाते कधी कधी सिरॅमिकचे असते. ते बहुधा पांढरे असते. ते गंजत नाही, पोलादापेक्षा कमी तापते. मात्र ते पोलादाहून कठीण असते. साध्या दगडावर त्याला धार चढत नाही. हिऱ्याच्या पुडीचे चाक लागते. म्हणून ते बदलावे.

असे पाते पडले, तर कपासारखे फुटते. दाता तुटलेले पाते गिऱ्हाइकाची कातडी कापते. ते मुळीच वापरू नका.

सफाई आधी, खर्च मागून!