जुन्या बीटलचा मूळ रंग कोणता? अंदाज विकू नका, पुरावा विका



या वेळच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलाच्या, पण कौशल्याच्या सेवा-व्यवसायांबद्दल बोललो. त्यातलाच एक विषय इथे पायरी-पायरीने बघू: क्लासिक गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात बाहेर पडली, हे तपासून लेखी अहवाल देणे.

तुम्ही म्हणाल, "रंग तर डोळ्यांना दिसतोय, त्याचे पैसे कोण देणार?" देणारे आहेत. जुनी गाडी पुन्हा उभी करायला मालक लाखो रुपये घालतो. विकताना "मूळ रंगात आहे" असं म्हणून जास्त भाव मागितला जातो. घेणाऱ्याला खात्री हवी असते, विकणाऱ्याला कागद हवा असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी एकदा डेंटरकडे गेली, बॉडी पत्र्यापर्यंत घासली गेली, की रंगाचा पुरावा कायमचा गेला. म्हणून तुमचं काम पेंटरच्या आधीचं आहे. हे वाक्य ग्राहकाशी पहिल्या फोनवरच बोला.

उदाहरणासाठी एकच गाडी घेऊ: फोक्सवॅगन बीटल. भारतात हौशी मालकांकडे ती आजही दिसते, आणि तिच्यावर हे काम छान शिकता येतं.

पायरी 1 : नंबर

बीटलचा चेसी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. दुसरा नंबर पुढच्या डिकीतल्या पट्टीवर असतो. (बीटलचं इंजिन मागे आणि डिकी पुढे, हे लक्षात ठेवा.) दोन्ही नंबर वाचा, फोटो काढा, आरसीशी जुळवा. पट्टी काढून दुसऱ्या गाडीला लावता येते, म्हणून जास्त वजन ठोकलेल्या नंबरला द्यायचं.

ऑगस्ट 1964 पासून हा नंबर नऊ आकडी झाला. त्यातला तिसरा आकडा मॉडेल वर्ष सांगतो. सुरुवात 116 ने असेल तर गाडी 1966 मॉडेलची. पण मॉडेल वर्ष ऑगस्टला सुरू व्हायचं, म्हणजे ती गाडी 1965 च्या ऑगस्टनंतर कधीही बनलेली असू शकते.

पायरी 2 : जन्मदाखला

जर्मनीत वोल्फ्सबुर्ग इथे फोक्सवॅगनचं ऑटोम्युझियम आहे. चेसी नंबर दिला आणि शुल्क भरलं की ते जुन्या नोंदींवरून गाडीचा दाखला देतात. त्यात बनल्याची तारीख, मूळ रंग, आतली सजावट आणि गाडी कुठे पाठवली गेली, अशी माहिती असते.

रंगाचं नाव कोडसकट टिपा. L 41 म्हणजे काळा. L 87 म्हणजे पर्ल व्हाइट आणि L 282 म्हणजे लोटस व्हाइट. आपल्या आरसीवर दोन्हीसाठी फक्त "पांढरा" लिहिलेलं असेल. L 390 गल्फ ब्लू आणि L 360 सी ब्लू, दोन्ही आरसीवर "निळा". म्हणून आरसी हा आधार आहे, शेवटचा शब्द नाही. शिवाय मधल्या एखाद्या मालकाने रंग बदलून तशी नोंदही करून घेतलेली असू शकते.

पायरी 3 : बॉडी काय सांगते?

इथे नवखा माणूस फसतो. बीटलची बॉडी चेसीवर बोल्टने बसवलेली असते. बोल्ट सोडले की अख्खी बॉडी उचलून दुसऱ्या चेसीवर ठेवता येते. जन्मदाखला चेसी नंबरवर मिळतो, पण रंग असतो बॉडीवर! दोघांचं लग्न कारखान्यातच लागलंय का, हे आधी बघायला हवं.

एक सोपी खूण सांगतो. मागची काच लंबगोल असेल तर ती बॉडी 1953 ते 1957 या काळातली. 116 नंबरच्या चेसीवर लंबगोल काच दिसली, तर बॉडी नक्कीच दुसऱ्या गाडीची.

चारही मडगार्डही बोल्टचे असतात आणि ठोकर लागली की पहिले तेच बदलले जातात. त्यामुळे मडगार्डच्या रंगावरून काहीही ठरवू नका. बघायच्या जागा या:

- मडगार्ड आणि बॉडीच्या मधल्या बिडिंगखालची, बॉडीच्या बाजूची पट्टी
- डॅशबोर्डची मागची बाजू
- पुढच्या डिकीत पेट्रोल टाकीखालचा भाग
- दरवाजाच्या रबराखालची जागा

किमान तीन जागा तपासा. मालकाची लेखी परवानगी घेऊन, न दिसणाऱ्या जागी नाण्याएवढा गोल बारीक वॉटर पेपरने पाणी लावून हळूहळू घासा. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. मध्ये पत्रा, मग प्रायमर, मग पहिला रंग, मग पुढचे रंग. प्रायमरला लागून असलेला पहिला थर महत्त्वाचा. मध्येच लांबीचा थर लागला, तर तिथे दुरुस्ती झाली आहे. ती जागा सोडा आणि दुसरी शोधा.

रंग नेहमी दिवसाच्या उजेडात बघा. उन्हात राहिलेला रंग फिका पडतो, म्हणून मशीनवर शेड जुळवायची असेल तर नमुना झाकलेल्या जागेचाच द्या. जुन्या कलर फोटोवरही विसंबू नका. फोटोचेही रंग वर्षानुवर्षांत उतरतात.

पायरी 4 : निष्कर्ष

अहवालात तीनच शेरे ठेवा: "सिद्ध", "शक्यता जास्त", "सिद्ध होत नाही". कागद आणि बॉडी दोन्ही एकच रंग सांगत असतील, तरच "सिद्ध". कागद नाही, पण तीन झाकलेल्या जागी एकच पहिला थर आहे, तर "शक्यता जास्त". बाकी सगळं तिसऱ्यात.

आता खरी परीक्षा. समजा, कोल्हापूरच्या एका मालकांची 1966 मॉडेलची बीटल आहे. गाडी आज लाल आहे. गिऱ्हाईक ठरलंय आणि मालकांना "मूळ लाल" असा कागद हवाय. दाखला म्हणतो लोटस व्हाइट. बिडिंगखाली प्रायमरवर पहिला थर निळा. मालक म्हणतात, "अहो, लाल लिहा की, दोन हजार जास्त देतो."

काय लिहाल? एवढंच: "ही चेसी कारखान्यातून लोटस व्हाइट म्हणून बाहेर पडली. या बॉडीवरचा सर्वात जुना रंग निळा आहे. बॉडी मूळची याच चेसीची असल्याचं सिद्ध होत नाही. लाल हा नंतरचा रंग आहे." मालक नाराज होतील, कदाचित पुन्हा येणारही नाहीत. पण क्लासिक गाड्यांचं जग छोटं आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. एक खोटा कागद पकडला गेला, की तुमचे आधीचे सगळे खरे कागदही रद्दी होतात. या धंद्यात तुमचा माल म्हणजे तुमचा शब्द, आणि तो एकदाच विकता येतो.

धंद्याचे चार नियम

1. फी आधी ठरवा, अर्धी आगाऊ घ्या. निकाल काहीही लागला तरी फी तीच.
2. पेंटर, दलाल किंवा विकणारा, कुणाकडूनही कमिशन नको. घेतलंत की तुम्ही साक्षीदार राहिला नाहीत, पार्टी झालात.
3. प्रत्येक विधानासमोर त्याचा फोटो किंवा कागद जोडा. ज्याला पुरावा नाही, ते वाक्य अहवालात नाही.
4. मूळ रंगात परत जायचं असेल, तर आरटीओकडे आरसीवर रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते, हे ग्राहकाला आठवणीने सांगा. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी, अशी तिथे अपेक्षा असते. त्यामुळे नीट ठेवलेली फाइल मालकाच्या कामाचीच आहे.

गृहपाठ : या रविवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये जा. भंगारातला जुना दरवाजा किंवा बॉनेट मागून घ्या आणि त्यावर तीन जागी गोल घासून थर मोजा. प्रत्येकाचा फोटो काढा आणि एका पानात अहवाल लिहा. मग तो मित्राला वाचायला द्या आणि त्याला एकच प्रश्न विचारायला सांगा: "हे कशावरून?" प्रत्येक ओळीला उत्तर देता आलं, की पहिला ग्राहक शोधायला लागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, कमवत राहा!