हातापायांची बधिरता : कारणांचा शोध

बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. उठून चार पावले टाकली की त्या जातात. कारण मज्जातंतूवर पडलेला दाब दूर होतो. परंतु असे काही कारण नसताना मुंग्या येऊ लागल्या आणि त्या टिकून राहिल्या, तर मज्जातंतूला इजा झाल्याची ती सूचना असू शकते. बधिर भाग दुखत नाही, म्हणून मनुष्य तिकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः न दुखणे हाच त्यातील खरा धोका होय.

कारण शोधताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की बधिरता नेमकी कोठे आहे? पायाच्या बोटापासून कण्याजवळील आपल्या मूळ पेशीपर्यंत जाणारा तंतू सुमारे एक मीटर लांब असतो. त्याचे सर्व पोषण त्या पेशीकडूनच होते. साहजिकच सर्व शरीराला ग्रासणाऱ्या विकारात सर्वांत लांब तंतू प्रथम दुबळे होतात. दोन्ही तळपाय सारखेच बधिर होतात, बधिरता हळूहळू वर सरकते आणि पुढे हातांची बोटेही तिच्या कक्षेत येतात.

अशा बधिरतेचे मधुमेह हे एक प्रमुख कारण आहे. कित्येकांच्या बाबतीत तर तळपायांच्या तक्रारीवरूनच मधुमेहाचा पत्ता लागतो. दुसरे कारण ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. वनस्पतिजन्य आहारात ते जवळजवळ नसते. काहींच्या आतड्यांत ते नीट शोषले जात नाही. ही उणीव मज्जारज्जूलाही दुखावते, त्यामुळे अंधारात चालताना तोल जातो. उपचारास विलंब झाल्यास हानी कायमची राहू शकते. अतिरिक्त मद्यपान हेही एक कारण आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधाने शरीरातील ब-६ जीवनसत्त्व कमी पडू शकते. म्हणून त्याच्या जोडीला पिरिडॉक्सिन देतात. मुंग्या येऊ लागल्यास रोग्याने डॉक्टरांना सांगावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

बधिरता एकाच ठिकाणी असेल तर विचार वेगळा करावा लागतो. रात्री अंगठा व त्याजवळची दोन बोटे बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातील मज्जातंतूवर दाब पडत असण्याचा संभव असतो. त्वचेवर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी अवश्य करून घ्यावी.

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधून काढले. या रोगात बोटे आपोआप झडतात, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की हातापायांची झीज मुख्यतः वेदना न कळल्यामुळे होते. तापलेले भांडे, रुतलेला खिळा, बुटातील खडा यांच्या जखमा लक्षातच येत नाहीत. त्या चिघळतात आणि बोटे झिजत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो. तथापि एकदा नष्ट झालेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही, म्हणून लवकर निदान होण्याला मोल आहे.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. शरीराची एक बाजू अकस्मात बधिर झाली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळू लागले, अथवा पायांतील अशक्तपणा काही दिवसांतच वर चढू लागला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

सर्व तपासण्या करूनही काही रोग्यांत कारण सापडत नाही. तरीही एक गोष्ट त्यांच्या हाती राहते. ज्याला वेदना सावध करीत नाही, त्याने डोळ्यांकडून ते काम करून घ्यावे : अनवाणी चालू नये, पादत्राण घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय नीट न्याहाळावेत.