राखोलीत बिऱ्हाड मांडण्याआधी

सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याला लागलं की दमणगंगेच्या काठावर राखोली लागते. 2011च्या जनगणनेने तिला शहरी वस्तीत धरलं, पण पाडे आणि भातखाचरं पाहिली की हे गावच आहे. त्याच्याच कडेला सुताचे आणि प्लास्टिकचे कारखाने उभे आहेत. पोटापाण्यासाठी खानदेशातून आणि नाशिकच्या बाजूने मराठी कुटुंबं इकडे येत राहिली, आमचंही त्यातलंच. आता गावाकडून अधूनमधून फोन येतो, "दादा, तिकडे यायचं म्हणतोय, एखादी खोली बघून ठेवा." फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

1. खोलीआधी प्रदेश समजून घ्या.

पालघर जिल्हा लागून आहे म्हणून हा महाराष्ट्र नव्हे. वापी जवळ आहे म्हणून गुजरातही नव्हे. पोर्तुगिजांच्या ताब्यातला हा मुलूख 2 ऑगस्ट 1954ला मोकळा झाला. त्या लढ्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. पुढे सात वर्षं इथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला आणि 1961मध्ये दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली. 2020पासून दमण-दीवसह मिळून एकच केंद्रशासित प्रदेश आहे. याचा रोजच्या जगण्याशी संबंध असा की इथे विधानसभा नाही. गावाकडे काम अडलं की आपण आमदाराकडे जातो. इथे आमदारच नाही. पंचायत, कलेक्टर कचेरी आणि वर प्रशासक, एवढीच वाट. हायकोर्ट मात्र मुंबईचंच.

2. जागा पावसाळ्यात बघा.

जानेवारीत इथली कुठलीही खोली छान दिसते. श्रावणात तीच खोली पुन्हा बघा. भिंतीला तळहात लावा, ओल कुठवर चढली आहे ते कळतं. रंग नवा असला तरी पोपडे कुठे सुटलेत, कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आहेत का, कपाटामागची भिंत कशी आहे, हे बघायला घरमालकाची परवानगी लागत नाही. पाऊस इथे धो धो पडतो आणि वरच्या अंगाला मधुबन धरण आहे. दरवाजे उघडले की दमणगंगा फुगते. नदीकाठचं घर कितीही स्वस्त मिळालं तरी पाणी कुठवर येतं हे जुन्या माणसांना विचारल्याशिवाय अनामत देऊ नका.

3. तूरडाळ शिजते का ते बघा.

बोअरच्या पाण्याची परीक्षा आमच्या घरात अशीच होते. पाणी जड असेल तर डाळ काही केल्या गळत नाही आणि पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो. बाटलीभर पाणी घरी न्या आणि करून बघा.

4. मुलाची इयत्ता बघून निर्णय घ्या.

आईबाप पगार आणि भाडं यांची बेरीज करतात, पण सगळ्यात महाग पडतो तो शाळेचा दाखला. मूल आठवीत असेल तर बसून नीट विचार करा. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात राज्याच्या कोट्यातून जागा हवी असेल, तर मोजके अपवाद सोडून दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात, वर डोमिसाइल लागतं ते वेगळं. म्हणजे मुलगी इथे दहावी झाली की तो दरवाजा जवळपास बंद. ही गोष्ट आईबापांना बारावीच्या निकालानंतर कळते, तेव्हा त्या घरातली शांतता बघवत नाही. बालवाडी-पहिलीतल्या मुलांचं तसं नाही, ती रुळतात. इथे मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत. आपल्या घरापासून ती किती लांब आहे ते मुलाच्या पावलाने चालून बघा.

5. जातीचा दाखला सीमा ओलांडत नाही.

हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लहानपणी आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याला मेडिकलच्या राखीव जागेवर हक्क मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल 1990चा, आणि 2018मध्ये न्यायालयाने तेच तत्त्व पुन्हा पक्कं केलं. वारली इकडेही अनुसूचित जमात आणि महाराष्ट्रातही. तरी तलासरीहून इथे राहायला आलेल्या वारली कुटुंबाने इथल्या राखीव जागेवर हक्क मिळेलच असं धरून चालू नये. केंद्राच्या नोकरीसाठी मूळ राज्याचा दाखला चालतो, म्हणून गावाकडची महसुली कागदपत्रं सांभाळून ठेवा. गावचं घर विकलं तरी ती फाईल सोबत आणा.

6. जमिनीची घाई नको.

"अमुक गुंठे स्वस्तात सुटतायत" असं सांगणारा माणूस तुम्हाला पहिल्याच महिन्यात भेटेल. इथली बरीचशी जमीन आदिवासींची, तिच्या हस्तांतरणावर 1971च्या जमीन सुधारणा कायद्याची बंधनं आहेत. शिवाय पोर्तुगीज काळात कसण्यासाठी दिलेल्या अल्वारा जमिनी आहेत. त्या रद्द करण्याचा कलेक्टरचा हुकूम 1974चा, आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटला 2025मध्ये. पिढ्या गेल्या त्यात. पहिलं वर्ष भाड्याने काढा. आदिवासीच्या नावावरची जमीन आडवाटेने घेणं मला नुसतं धोक्याचं नाही, अन्यायाचंही वाटतं.

7. गाडी.

बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर नंबर बदलावा लागतो. मूळ आरटीओची एनओसी निघतानाच घ्या.

8. दवाखान्याची वाट रात्रीची चालून बघा.

सिल्वासाला विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आहे, खानवेललाही सरकारी रुग्णालय आहे. प्रश्न एवढाच की पावसात, रात्री, विंचूकाट्याच्या वेळी पाड्यातून डांबरी रस्त्यापर्यंत कसं पोचणार? रिक्षावाल्याचा नंबर खोलीच्या किल्लीसोबतच मागून घ्या.

9. शेजारी आधीपासून इथले आहेत.

वारली, कोकणा, धोडिया ही इथली मूळ माणसं. कारखाने नंतरचे, आपण त्याहून नंतरचे. वारल्यांची बोली आपल्याला पुष्कळशी समजते, पण समजली म्हणून तिला अशुद्ध मराठी म्हणू नका. आमच्या शेजारच्या मावशींनीच आम्हाला पावसाळ्यातल्या रानभाज्या ओळखायला शिकवलं. आवणीच्या दिवसांत त्यांचं अख्खं घर खाचरात असतं, तेव्हा पाण्यावरून किंवा रस्त्यावरून वाद काढू नये. तारप्याचा नाच असेल तर बोलावतात, जरूर जा. मोबाइल खिशात ठेवा.

10. खोली बघायला एकटे येऊ नका.

इथे बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालतात. पाळी बदलायच्या वेळी रस्ता माणसांनी भरून जातो. त्यात एकट्या आलेल्या पुरुषांची गर्दी फार, कारण कितीतरी जण घरदार मागे ठेवून आलेले असतात. बाईमाणसाला संध्याकाळी किराणा आणायला जाताना तो रस्ता कसा वाटतो हे पुरुषाला सांगता येणार नाही. म्हणून खोली ठरवायच्या आधी घरच्या बाईला घेऊन या, पाळी सुटायच्या वेळेला तिला बाजारापर्यंत चालू द्या, आणि ती नको म्हणाली तर दुसरी खोली बघा. तुम्ही कारखान्यात असताना त्या खोलीत दिवस तिलाच काढायचा आहे.