सायकल आणि एसटी : एका दिवसात शिवनेरी

चौथीत आपण शिवरायांचा इतिहास शिकतो. त्यांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी गडावर झाला. हा गड आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. तरी आपल्या वर्गातील पुष्कळ मुलांनी तो पाहिलेला नाही. "एका दिवसात जमत नाही," असे घरचे म्हणतात. पण सायकल आणि एसटी दोन्ही वापरल्या तर जमते. दिवाळीच्या सुट्टीत वडील, ताई आणि मी जाऊन आलो. त्याचा हिशोब देतो.

नुसत्या एसटीने : गावात गाडी सकाळी १० वाजता येते. नारायणगावला गाडी बदलून जुन्नरला साडेअकरा वाजतात. तिथून चालत पायथ्याशी १२. गावाकडे येणारी गाडी नारायणगावहून साडेतीनला सुटते. ती धरायची तर पायथा २ वाजता सोडावा लागतो. हातात २ तासच राहतात. ते चढण्या-उतरण्यातच जातात.

सायकल आणि एसटीने : गावापासून हमरस्त्याचा फाटा ५ किलोमीटर आहे. चालत सव्वा तास लागतो, सायकलीने अर्धा तास. फाट्यावर सकाळी लवकर एसटी मिळते. आम्ही साडेसहाला निघालो. ताई तिच्या सायकलवर, मी वडिलांच्या मागे कॅरेजवर. सायकली फाट्यावर ओळखीच्या दुकानात कुलूप लावून ठेवल्या. पावणेनऊला पायथ्याशी पोचलो आणि ३ वाजता परत निघालो. म्हणजे ६ तास १५ मिनिटे मिळाली. वजाबाकी करा, ४ तास १५ मिनिटे जास्त!

एवढ्या वेळात सगळे नीट पाहिले. वाटेतले सात दरवाजे ताईने मोजले. शिवाई देवीचे दर्शन घेतले. देवीवरूनच शिवाजी हे नाव ठेवले असे सांगतात. जन्माच्या जागी पाळणा आहे. गंगा-जमुना टाकी आणि बदामी तलाव पाहिला. कडेलोटाच्या टोकावर वडिलांनी माझा हात धरून ठेवला.

तिकीट : १२ वर्षांच्या आतील मुलांना अर्धे तिकीट असते. १७ मार्च २०२३ पासून बायामुलींनाही अर्धे. वडील १, ताई अर्धे, मी अर्धे. तिघांची मिळून २ तिकिटे झाली. सायकलीला खर्च नाही.

आपल्याकडे उसात बिबटे आहेत. आई म्हणाली होती, "दिवस मावळायच्या आत घरात पाहिजे, नाहीतर जाऊ नका." म्हणून वडिलांनी हिशोब उलटा मांडला. घरी साडेपाच, तर फाट्यावर ५, नारायणगावला साडेचार, म्हणून पायथा ३ वाजता सोडायचा. तसेच केले आणि उजेडात घरी आलो.

लक्षात ठेवा :
१) आदल्या दिवशी हवा, ब्रेक आणि चेन बघा.
२) उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारा.
३) सायकल फाट्यापर्यंतच. हमरस्त्यावर ट्रक फार असतात.
४) भाकरी व पाणी बरोबर घ्या.

पालकांना विनंती आहे की, एकदा मुलांना घेऊन जा. पुस्तकातला गड डोळ्यांनी पाहिला की धडा पाठ करावा लागत नाही.

– इयत्ता चौथी