एक शस्त्रक्रिया, दोन दर

मोतीबिंदू काढण्यासाठी आता रुग्णास रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागत नाही. सकाळी आलेला मनुष्य दुपारी घरी परततो. अशाच कामांसाठी अमेरिकेत १९७० साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी दोन डॉक्टरांनी रुग्णालयापासून स्वतंत्र असे शस्त्रक्रिया केंद्र उघडले. मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी असलेला ‘मेडिकेअर’ हा सार्वजनिक आरोग्यविमा तेथे १९६५ च्या कायद्याने आला होता. परंतु अशा केंद्रांना त्यातून पैसे मिळू लागले ते १९८२ पासून.

प्रारंभीची पद्धत सोपी होती. मान्य शस्त्रक्रियांचे चार गट पाडून प्रत्येक गटास एकच दर लावला जाई. हा सोपेपणाच पुढे अडचणीचा ठरला, कारण कमीअधिक खर्चाची कामे एकाच दरात बसवावी लागत. २००३ च्या कायद्याने नवी पद्धत आखण्याचा आदेश दिला आणि २००८ पासून केंद्राचा दर रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दराशी जोडण्यात आला. प्रारंभीचे प्रमाण शंभरास सुमारे पासष्ट असे होते. रुग्णालयाप्रमाणे अहोरात्र तातडीचा विभाग केंद्रास चालवावा लागत नाही, हे या फरकाचे समर्थन. शरीरात बसवावयाचे उपकरण महाग असेल तर त्याच्या किमतीस ही कपात लागू होत नाही. डॉक्टरांचे शुल्क निराळे.

पुढे वार्षिक वाढीसाठी केंद्रांना सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांक व रुग्णालयांना त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा निर्देशांक लावला गेला, आणि दोन दरांतील अंतर रुंदावत गेले. २०१९ पासून केंद्रांसही रुग्णालयांचाच निर्देशांक लावण्यात आला.

रुग्णास साधारणतः दराचा पाचवा हिस्सा स्वतः भरावा लागतो. येथे एक विपरीत गोष्ट घडते, आणि ती सहसा कोणी समजावून सांगत नाही. समजा, एका शस्त्रक्रियेचा दर रुग्णालयात २०,००० व केंद्रात १५,००० डॉलर आहे. केंद्रात रुग्णाचा हिस्सा ३,००० डॉलर होतो. रुग्णालयात तो ४,००० व्हावयास हवा. परंतु तेथे एका शस्त्रक्रियेसाठी रुग्णाच्या हिश्श्यास कमाल मर्यादा आहे, ती २०२५ साली १,६७६ डॉलर होती. केंद्रांना अशी मर्यादा नाही. म्हणजे विमा निधीस जे स्वस्त, तेच पूरक विमा नसलेल्या वृद्धास महाग पडते. मोतीबिंदूसारख्या कमी खर्चाच्या कामात मात्र केंद्र दोघांनाही स्वस्त पडते.